पाच जागा होत्या म्हणून पाच बॅनर

सांगलीतील आमच्या पुस्तकांच्या दुकानाबाहेर एक काळा फळा आहे. वडील, म्हणजे अण्णा, रोज सकाळी दुकान उघडले की ओल्या फडक्याने तो पुसतात आणि खडूने त्यावर एकच ओळ लिहितात. कधी नव्या पुस्तकाचे नाव, कधी एखाद्या मासिकाचा अंक आल्याची वर्दी, कधी स्पर्धा परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख. २०२४ च्या पावसाळ्यात दुकानाच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर जाहिरातीचे बॅनर लावायचे ठरले, तेव्हा हा फळा रोज माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि तरीही बॅनर कसा असावा हे विचारायला मी जगभर फिरून आले.

संकेतस्थळ तसे टाळेबंदीतले. दुकान बंद असताना फोनवर पुस्तके मागवणाऱ्यांची यादी वहीत मावेना, तेव्हा कोल्हापूरच्या एका ओळखीच्या मुलाने तयार साच्यावर ते उभे करून दिले. पुढची चार वर्षे पहिल्या पानावर वर दुकानाचे नाव, मध्ये शोधाची चौकट आणि खाली पुस्तकांच्या रांगा एवढेच होते. त्या साच्यात सर्वात वर आपोआप सरकणाऱ्या चित्रांची पट्टी लावण्याची सोय होती आणि तिच्यात चित्रांसाठी पाच रिकाम्या जागा होत्या. आमची पहिली चूक इथेच झाली. पाच जागा दिसल्या म्हणून आम्ही पाच बॅनर करायला बसलो. आपल्याला सांगायच्या गोष्टी नेमक्या किती, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. दिवाळी अंकांची पूर्वनोंदणी ही एक गोष्ट खरोखर सांगण्याजोगी होती. पाचशे रुपयांवरील खरेदीला मोफत घरपोच ही दुसरी. उरलेल्या तीन जागा भरायच्या म्हणून बालसाहित्य आले, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आली, आणि शेवटी काहीच सुचेना म्हणून २०१९ च्या महापुरानंतर चिखलातून वर काढलेल्या कपाटांशेजारी उभ्या असलेल्या अण्णांचा फोटो आला. तो फोटो मला अजूनही आवडतो, पण पुस्तक मागवायला आलेल्या माणसाला तो का दाखवायचा याचे उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हते.

(शब्दांचाही एक घोळ होता. संकेतस्थळाच्या पहिल्या पानाला बरेच जण मुखपृष्ठ म्हणतात. आमच्या धंद्यात मुखपृष्ठ म्हणजे पुस्तकाचे. ‘मुखपृष्ठ बदलायचंय’ असे मी फोनवर बोलले की अण्णांना कुठल्या तरी प्रकाशकाने आवृत्ती बदलली असे वाटायचे. त्यामुळे आमच्या घरात त्याला पहिले पान असेच म्हणतात.)

बॅनर करण्याचे काम भाच्याकडे होते. तो पुण्यात उपयोजित कला शिकत होता आणि सुट्टीला आला होता. त्याने फोटोशॉपमध्ये १९२० पिक्सेल रुंद आणि ६०० पिक्सेल उंच अशी पाच चित्रे केली, आणि पहिल्याच चित्रात मराठीने आपले पाणी दाखवले. ‘दिवाळी’मधली पहिली वेलांटी ‘द’च्या आधी न येता नंतर जाऊन बसली आणि ‘स्पर्धा’मधला रफार सुटून पाय मोडलेला ‘र्’ वेगळा उभा राहिला. या प्रणालीत देवनागरी नीट जुळायची असेल तर मजकुराच्या मांडणीचा पर्याय दक्षिण आशियाई लिप्यांसाठी बदलावा लागतो, हे शोधण्यात आमची एक दुपार गेली. ओळखीच्या छापखान्यात विचारले तर त्यांनी त्यांच्याकडचा युनिकोडपूर्व काळातला फॉन्ट देऊ केला. चित्रापुरते ते चालले असते, पण तोच मजकूर दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा काला होतो, म्हणून तो मार्ग सोडला. रंगांच्या बाबतीत मात्र मी भाच्याला अडवले नाही, आणि अडवायला हवे होते. दिवाळी म्हणून त्याने केशरी पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे घेतली होती. त्याच्या मोठ्या पडद्यावर ती झळाळत होती. दुपारच्या उन्हात रस्त्यावर उभे राहून फोनवर पाहिली तर बॅनरवर अक्षरे आहेत हेच कळत नव्हते. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३ ला १ असावे, असा सुगम्यतेचा, म्हणजे संकेतस्थळ सर्वांना वापरता यावे यासाठीचा, सर्वमान्य निकष आहे, आणि आमची अक्षरे त्याच्या जवळपासही नव्हती, हे पुढे मोजून पाहिल्यावर समजले.

ऑगस्टच्या शेवटी पाचही बॅनर लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. ते आमचे जुने ग्राहक. “बाई, तुम्ही पुस्तकं विकता ना? मग पूर्वनोंदणीतला पू दीर्घ असतो एवढं तरी बघा.” बॅनरवर ‘पुर्वनोंदणी’ असे, वीतभर अक्षरांत, लिहिलेले होते. मी, अण्णा, भाचा अशा तिघांनी तो मजकूर वाचला होता. चूक सुधारणे म्हणजे एका अक्षराचे काम, पण ते अक्षर चित्रात रुतलेले, मूळ फाइल भाच्याच्या संगणकात, आणि भाचा परत पुण्याला गेलेला. त्यामुळे चूक दुरुस्त व्हायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत आणखी दोन फोन आले, आणि तिसऱ्या फोनला अण्णांनी ‘हो, ते लक्षात आलंय, कारागीर गावाला गेलाय’ असे गवंडीकामाचे उत्तर दिले. चित्रात मजकूर भरू नये, चित्र वेगळे ठेवावे आणि त्यावरचा मजकूर पानाचाच मजकूर म्हणून लिहावा, हा नियम मी पुढे अनेक ठिकाणी वाचला, परंतु तो माझ्या अंगी मुरला तो या ऱ्हस्व ‘पु’मुळे.

फोनवरच्या आकाराचा हिशेब तर आम्ही केलाच नव्हता. आमचे बहुतेक ग्राहक फोनवरूनच येतात आणि साधारण फोनचा पडदा संकेतस्थळाच्या हिशेबात ३६० पिक्सेल रुंद धरला जातो. १९२० चे चित्र ३६० मध्ये बसवले की त्याची उंची जेमतेम ११२ पिक्सेल उरते आणि मूळ चित्रातली ४० पिक्सेलची अक्षरे साडेसात पिक्सेलची होतात. देवनागरीचे दुखणे यात अधिक आहे, कारण वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरे. रोमन अक्षर ज्या आकारात कसेबसे वाचता येते त्या आकारात आपले ‘द्ध’ आणि ‘ध्द’ सारखेच काळे ठिपके दिसतात.

वजनाची गोष्ट जत आणि आटपाडीकडच्या ग्राहकांनी लक्षात आणून दिली. पहिला बॅनर सव्वादोन एमबीचा होता आणि पाच मिळून नऊच्या वर. शहरात पान उघडायला किती वेळ लागतो हे आम्हाला जाणवतही नव्हते, पण जतजवळच्या एका गावातील ग्रंथपालांनी कळवले की पूर्वी चटकन उघडणारे पान आता पांढरे राहते आणि पुस्तक शोधायला जावे तर वरून अचानक चित्र उतरते, सगळे खाली ढकलले जाते आणि शोधाच्या चौकटीऐवजी बोट बॅनरवर पडते. कोल्हापूरच्या मुलाला हे सांगितल्यावर त्याने या दोन्ही त्रासांना मापे असल्याचे दाखवले. गूगलने २०२० मध्ये पानाच्या दर्जाचे जे निकष जाहीर केले त्यांत पानावरचा सर्वात मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा असा एक निकष आहे आणि पान उघडताना मजकूर जागचा हलण्याचे प्रमाण ०.१ पेक्षा जास्त नसावे असा दुसरा. बॅनर असलेल्या पानावर सर्वात मोठा घटक बहुधा बॅनरच असतो, म्हणजे पान हळू की जलद हे बॅनरच ठरवतो. आम्ही चित्रे वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात आणली, फोनसाठी वेगळे उभट चित्र केले, आणि चित्र यायच्या आधीच त्याची रुंदी-उंची पानाला सांगून तेवढी जागा राखून ठेवली. तरीही पहिला बॅनर उशिराच येत होता. कारण शेवटी असे निघाले की पान हलके करण्यासाठी बसवलेले एक साधन सगळीच चित्रे ‘नजरेच्या टप्प्यात येतील तेव्हा आणू’ अशा बेताने मागे ठेवत होते, आणि जे चित्र पान उघडताक्षणी समोर हवे तेही त्यात अडकले होते. पहिल्या बॅनरला त्यातून वगळले आणि उलट सर्वात आधी आणण्याची खूण दिली. पहिल्या बॅनरचे वजन शेवटी नव्वद केबीच्या आसपास आले. ग्रंथपालांनी दोन शब्दांचा संदेश पाठवला: “आता ठीक.”

इथवरची सगळी कामे कारागिरीची होती. ती झाल्यावरही बॅनरवर कोणी क्लिक करीत नव्हते, आणि हे मला जास्त लागले. संकेतस्थळावरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल अॅनालिटिक्समध्ये बॅनर दाखवला गेला आणि बॅनर निवडला गेला अशा दोन वेगळ्या घटना नोंदवता येतात. त्या नोंदी पाहिल्या तर पहिल्या बॅनरवर थोडे क्लिक होते, दुसऱ्यावर त्याहून थोडे, आणि तिसऱ्यापासून पुढे जवळजवळ काहीच नाही. अण्णांचा महापुराचा फोटो महिनाभरात ज्यांनी उघडला त्यांत मी, भाचा आणि माझी मावशी होतो. या मोजणीतही मी आधी एक घाण करून ठेवली होती. माणूस कुठून आला ते कळावे म्हणून बाहेरच्या जाहिरातींच्या दुव्यांना ज्या खुणेच्या शेपट्या लावतात त्याच मी आमच्या स्वतःच्या पानावरील बॅनरांना लावल्या. परिणामी व्हॉट्सअॅपवरून आलेल्या माणसाने बॅनर दाबला की त्याचा मूळ स्रोत पुसला जाऊन तो ‘बॅनरमुळे आलेला’ अशी नोंद होऊ लागली, आणि आठवडाभर मी बॅनर फार चालतात या आनंदात होते. आपल्याच घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्याला पाहुणा म्हणून मोजू नये, एवढे साधे ते होते.

मग मी वाचायला घेतले. वेबवरचा जाहिरात बॅनर हॉटवायर्ड या संकेतस्थळावर २७ ऑक्टोबर १९९४ रोजी आला. एटी अँड टी कंपनीचा, ४६८ गुणिले ६० पिक्सेलचा. त्यानंतर चारच वर्षांत, १९९८ मध्ये, राइस विद्यापीठातील बेनवे आणि लेन यांनी दाखवले की पानावरील मोठ्या, रंगीत, ठळक चौकटी लोकांना दिसतच नाहीत. हवी असलेली माहिती नेमकी त्या चौकटीत असली तरी नजर तिला वगळून साध्या दुव्यांकडे जाते. त्यांनी याला बॅनर-अंधत्व म्हटले. आणि २०१३ मध्ये अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील सरकत्या चित्रांचे आकडे तिथल्याच एका तंत्रज्ञाने प्रसिद्ध केले होते: पानावर आलेल्यांपैकी साधारण १ टक्का लोकांनी त्या चित्रांवर क्लिक केले होते आणि त्यातले ८४ टक्के क्लिक पहिल्याच चित्रावर होते. आमच्या दुकानाचे आकडे किरकोळ, पण त्यांचा उतार तसाच होता. मला थोडा धीर आला आणि थोडा रागही. पाच जागांचा तो साचा २०१३ नंतरच बनलेला होता.

तरी कागदावरच्या निष्कर्षांपेक्षा दुकानातला एक शनिवार अधिक उपयोगी पडला. सप्टेंबरच्या मध्यावर मी ओळखीच्या ग्राहकांना गल्ल्यापाशी बसवून आपापल्या फोनवर आमचे पान उघडायला सांगितले आणि ‘दिवाळी अंकांचा संच मागवायचा आहे, बघा कसा मागवता’ एवढेच म्हटले. विश्रामबागेतल्या एक काकू पान उघडताच अंगठ्याने झरकन खाली गेल्या. पहिला बॅनर दिवाळी अंकांचाच होता, पण त्या शोधाच्या चौकटीत ‘दिवाळी’ लिहू लागल्या. वर काय होते ते विचारले तर म्हणाल्या, “जाहिरात होती काहीतरी.” एका गृहस्थांनी बॅनर वाचायला घेतला, चष्मा सावरला, दुसऱ्या ओळीवर आले आणि चार सेकंद संपल्यामुळे समोर बालसाहित्य आले. ते फोन माझ्याकडे देत म्हणाले, “हे पळतंय.” आपोआप हलणारी आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त काळ चालणारी गोष्ट थांबवण्याची सोय वाचणाऱ्याच्या हातात असली पाहिजे, असे वेबच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांत २००८ पासून लिहिलेले आहे. आमच्या पट्टीला थांबवायचे बटण नव्हते.

त्याच सुमारास आमचे एक दृष्टिहीन ग्राहक दुकानात आले होते. ते बँकेत अधिकारी आहेत आणि मुलीसाठी पुस्तके मागवतात. त्यांनी फोन कानाशी धरून आमचे पान मला ऐकवले. फोन वाचत होता: ‘बॅनर अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर टू, लिंक.’ मग ‘बॅनर अंडरस्कोर फायनल अंडरस्कोर थ्री, लिंक.’ चित्राला पर्यायी मजकूर दिलेला नसला की वाचक-प्रणाली बिचारी फाइलचे नाव वाचते. ते हसत होते, मी हसू शकले नाही. “पाच वेळा फायनल झालंय म्हणजे फायनल झालेलं नाही,” असे ते म्हणाले, आणि ते सर्वार्थाने खरे होते.

त्या रात्री मी पट्टीचे सरकणे बंद केले आणि चार बॅनर काढून टाकले. मोफत घरपोचची सूचना बॅनर म्हणून नको, ती पुस्तकाच्या किमतीखाली आणि निवडलेली पुस्तके जमा होतात त्या ‘पिशवी’च्या पानावर लहान ओळीत हवी, कारण तिथेच तिची गरज पडते. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी पहिल्या पानावर येतच नाहीत. ते गूगलवरून थेट पुस्तकावर उतरतात.

उरला दिवाळी अंकांचा एक बॅनर, पण त्यावर काय लिहायचे हे अजून ठरत नव्हते. मूळ मजकूर होता: ‘दिवाळी अंकांचा महोत्सव! आजच पूर्वनोंदणी करा!’ कोल्हापूरच्या मुलाने सुचवले की शेजारी उलटे चालणारे घड्याळ लावू, ‘सवलत संपायला फक्त २ तास’, लोक घाईने घेतात. घड्याळ प्रत्येकाला पान उघडल्यापासून नव्याने दोन तास दाखवणार होते. अण्णांनी विचारले, “दोन तासांनी खरंच बंद होणार आहे का?” होणार नव्हतेच. अण्णांचा विरोध सरळ होता. गावात राहायचे असेल तर असे करता येत नाही. कायद्याची बाजू मी नंतर पाहिली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार दिले आहेत आणि खोटी निकड निर्माण करणे हा त्यातलाच एक आहे. आमच्या जुन्या बॅनरवर ‘४० टक्क्यांपर्यंत सवलत’ होती, त्यात ‘४०’ हाताच्या पंजाएवढे आणि ‘पर्यंत’ मुंगीएवढे. प्रत्यक्षात बहुतेक संचांवर १५ टक्केच मिळत होते. तेही काढले आणि ‘संचावर १५ टक्के’ असे सरळ लिहिले. विक्रीवर त्याचा काय परिणाम झाला हे वेगळे काढून सांगता येणार नाही, पण ‘४० कुठे आहे?’ असे विचारणारे फोन थांबले.

दरम्यान ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. संध्याकाळी दुकानात पेढे आले आणि मी उत्साहाने दिवाळी अंक बाजूला सारून ‘मराठी अभिजात झाली!’ असा बॅनर तासाभरात चढवला. त्या बॅनरवर इतर कशाहीपेक्षा जास्त क्लिक झाले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की तो कुठेच नेत नव्हता. दुवा द्यायचा राहिला होता. दाबला की तेच पहिले पान पुन्हा उघडत होते. लोक दाबत होते, पुन्हा दाबत होते, म्हणजे क्लिकचा आकडा हा आनंदाचा कमी आणि वैतागाचा जास्त होता. घाईने भाषेच्या इतिहासावरच्या आणि व्याकरणावरच्या पुस्तकांचे पान तयार केले, पण ती संध्याकाळ निघून गेली होती. बॅनरच्या आधी बॅनर जिथे नेणार ते पान तयार हवे, हा क्रम तेव्हापासून मी कधी उलटा केलेला नाही.

दिवाळी अंकांचा प्रश्न शेवटी गल्ल्यावर सुटला. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी आपल्या मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालू आहे आणि मला वाटते तेव्हापासूनच विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला जात असावा: “अंक आला का?” कोणी महोत्सवाची चौकशी करीत नाही. अंक एकदम येत नाहीत. काही घटस्थापनेच्या आसपास येतात, बरेच वसुबारसेच्या आठवड्यात, आणि काही सन्माननीय अंक तुळशीचे लग्न लागल्यावर. ऑक्टोबरच्या मध्यात मी बॅनरवरचा सगळा मजकूर काढून एवढेच लिहिले: ‘दिवाळी अंक २०२४: आजपर्यंत १७ आले. कोणते ते पाहा.’ दुवा आलेल्या आणि यायच्या अंकांच्या यादीकडे. मजकूर आता चित्रात नव्हता, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेल्या ‘मुक्त’ या खुल्या फॉन्टमध्ये पानावरच लिहिलेला होता, त्यामुळे रोज संध्याकाळी गठ्ठे सोडून झाले की मी फोनवरूनच सतराचे एकवीस, एकवीसचे अठ्ठावीस करीत असे. लक्ष्मीपूजन त्या वर्षी १ नोव्हेंबरला होते, आणि त्याआधीच्या दहा दिवसांत पहिल्या पानावर आलेले बरेच लोक शोधाच्या चौकटीकडे न जाता त्या एका ओळीवरून यादीत गेले. काही जण रोज येऊन आकडा बघून जात. विश्रामबागेतल्या काकूंनी दुकानात येऊन सांगितले, “तुमचा फळा फोनवर दिसतो हे बरं झालं.” मी दोन महिने ज्याला बॅनर म्हणत होते त्याला त्यांनी एका वाक्यात फळा म्हटले.

फेब्रुवारी २०२५ मधला अनुभव याहून समाधानाचा आणि शेवटी जरा ओशाळवाणा. दिल्लीत २१ ते २३ फेब्रुवारीला झालेल्या अठ्ठ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी डॉ. तारा भवाळकर होत्या, म्हणजे आमच्याच गावच्या. लोकसंस्कृती आणि लोकसाहित्याच्या त्या मोठ्या अभ्यासक आहेत हे सांगलीकरांना ठाऊक होते, तरी त्यांची पुस्तके एका ठिकाणी मागणारे एरवी मोजकेच असत; आता रोज विचारणा होऊ लागली. या वेळी मी आधी पान तयार केले, उपलब्ध पुस्तके, न मिळणारी पुस्तके, कोणत्या पुस्तकाने सुरुवात करावी याबद्दल अण्णांच्या चार ओळी, आणि मग बॅनर. भाच्याने वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरून बाईंचा एक सुंदर फोटो काढून पाठवला होता. तो वापरला नाही, कारण फोटो ज्याने काढला त्याची परवानगी आमच्याकडे नव्हती आणि एखाद्या व्यक्तीचा चेहरा विक्रीसाठी लावायचा तर तिलाही विचारायला हवे. प्रकाशकांना विचारून तीन पुस्तकांची मुखपृष्ठे शेजारी शेजारी ठेवली (खरोखरची मुखपृष्ठे), त्यावर साधी ओळ: ‘सांगलीच्या तारा भवाळकर संमेलनाध्यक्ष. त्यांची पुस्तके इथे.’ सवलत नव्हती, उद्गारचिन्ह नव्हते. त्या तीन आठवड्यांत मुंबई, नागपूर, बेळगाव, इंदूर अशा ठिकाणांहून मागण्या आल्या. गावाचे नाव बॅनरवर ठेवल्याचा फायदा झाला असे माझे मत आहे, कारण दोघा-तिघांनी मागणीसोबत ‘आम्ही मूळचे सांगलीचे’ असे आवर्जून लिहिले होते.

ओशाळवाणे असे की संमेलन संपले, मंडळी परतली, मार्च निम्मा उलटला, आणि बॅनर तिथेच. दुकानाबाहेरच्या फळ्यावर त्या दिवशी दहावीच्या पेपरांविषयी लिहिलेले होते. अण्णांनी फोन माझ्यासमोर धरला. “पाटी पुसायची राहिलीय गं.” फळा शिळा झाला तर रस्त्यावरून जाणारा पहिला माणूसच हटकतो, संकेतस्थळावर कोणी हटकत नाही, माणसे गप्प निघून जातात आणि इथे कोणी राहत नाही असे समजतात. कोल्हापूरच्या मुलाकडून बॅनरला शेवटची तारीख टाकण्याची सोय करून घेतली. आता तारीख टाकल्याशिवाय बॅनर चढतच नाही आणि तारीख उलटली की तो आपोआप उतरतो. त्या जागी दुसरा नसेल तर काहीच दिसत नाही, शोधाची चौकट वर सरकते, आणि रिकाम्या जागेबद्दल आजवर एकाही ग्राहकाने तक्रार केलेली नाही.

रिकाम्या जागेची तक्रार फक्त प्रकाशकांचे प्रतिनिधी करतात. व्यवस्थापनाच्या पडद्यावर पाचपैकी चार जागा अजून मोकळ्या दिसतात, आणि एकाने महिन्याचे ठरावीक पैसे देऊन त्यातली एक मागितली आहे. पैसे नको आहेत असे नाही. पण विकत दिलेली जागा जाहिरात आहे हे तिथे स्पष्ट लिहावे लागेल, आणि ते लिहिले की काकूंचा अंगठा पुन्हा झरकन खाली जाईल, अशी मला शंका आहे. अण्णांनी आणि मी अजून त्यांना उत्तर दिलेले नाही.

जून २०२५ मध्ये शाळा उघडताना पहिलीचा अभ्यासक्रम बदललेला होता आणि पालक दिवसभर एकच विचारत होते. बाहेरच्या फळ्यावर आणि आतल्या बॅनरवर त्या आठवड्यात अक्षरशः एकच ओळ होती: ‘पहिलीची नवी पुस्तके आली.’ बुधवारी दुपारी गठ्ठा संपला. अण्णांनी बाहेर जाऊन फळा पुसला आणि आत येताना मला खूण केली. मी गल्ल्यावर एका पालकांना सुटे पैसे देत होते, ते देऊन फोन उचलला आणि बॅनर उतरवला.